अकरा अंशांचा चमत्कार

"उतरला! उतरला!" असा ओरडा झाला आणि पंपघराच्या दारात उभी असलेली साठेक माणसं एकदम पुढे रेटली गेली. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या तापमानाच्या काट्यावर. परवापर्यंत बेचाळीसवर ठाण मांडून बसलेला काटा एकतीसवर आला होता. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हात जोडले. पॅकिंगमधल्या मावशींनी तर डोळ्यांना पदर लावला. आमचे मालक, जे पगारवाढ मागितली की बहिरे होतात, ते चक्क एका परक्या माणसाच्या पाया पडायला वाकले.

तो माणूस टाकीवर हात ठेवून डोळे मिटून उभा होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात काळा चकचकीत खडा. सगळे त्याला 'सर' म्हणत. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं होतं द्रवाचार्य.

"हे मी केलं नाही," डोळे न उघडता तो म्हणाला. "हे ग्राफीनने केलं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा आत्मा. एका अणूच्या जाडीची चादर! उष्णता तिच्यावर बसली की घसरलीच. पण हा आत्मा पाण्यात टिकत नाही. त्याला नाद लागतो, संकल्प लागतो. माझ्या द्रवात तो दोन वर्षं तरंगतोय."

आणि त्याने हवेत बाटली धरली. आत काळंभोर पाणी. तळाला गाळाचा कण नाही.

मी मागे उभा राहून बघत होतो. मी या कारखान्याचा फिटर, सत्तावीस वर्षं इथेच. स्वभावाने मुलखाचा संशयी. बायको म्हणते, "तुम्हाला देवाने दर्शन दिलं तर त्याचंही ओळखपत्र मागाल." मागेनच! त्यात काय चुकलं?

आता आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही बाटल्यांची झाकणं करतो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबायचं, गार करायचं, झाकण बाहेर. गार करायला साच्यांतून पाणी फिरतं. गरम होऊन आलेलं पाणी एका कूलरमधून जातं, आत पातळ पातळ प्लेटा असतात. प्लेटेच्या एका अंगाने हे गरम पाणी, दुसऱ्या अंगाने बाहेरचं गार पाणी. असं ते निवून परत साच्यात. पाणी नीट निवलं नाही की झाकणं वाकडी. आणि गेली तीन वर्षं आमची झाकणं अशी वाकडी येत होती की बाटलीला बसवताना गिऱ्हाईकाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा.

या दुखण्यावर मालकांनी आधी एक शहाणपणाचा उपाय केला होता. स्टोअरच्या मागची खोली रिकामी करून तिथे एक छोटी प्रयोगशाळा काढली आणि माझ्या पुतणीला नेमलं. माझा भाऊ गेला तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. आमच्याच घरात वाढली, रसायनशास्त्र शिकली. तिचं काम हेच, ग्राफीनचं: पाण्यात ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ कपच्यांची, बारीक पत्री मिसळायची, म्हणजे पाणी उष्णता जरा जास्त वाहून नेईल. ऐकायला सोपं. पण त्या पत्रीचे कण एकमेकांना सोडत नाहीत. पाण्यात टाकली की गुठळ्या होऊन तळाला बसते आणि बसली की पाइपात अडकते. पोरगी साबणासारखं काहीबाही घालून, आवाजाने थरथरणाऱ्या एका भांड्यात ते मिश्रण तास तास घुसळायची. पहिल्या वेळी सहा दिवसांत गाळ बसला. मग नऊ. मग एकोणीस.

"एकोणीस दिवस, काका!" असं सांगत ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आणि फायदा किती?"

"चार-पाच टक्के. फार तर."

"बस्स? एवढ्यासाठी दोन वर्षं?"

"खरं आहे तेवढं सांगतेय," ती म्हणाली.

मालकांना मात्र 'तेवढं' पुरेना. आणि अशा वेळी द्रवाचार्य उगवला. मालकांच्या टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. पुतणीच्या बाटलीत तळाला काळा थर, वर फिकट पाणी. याच्या बाटलीत दोन वर्षांचं अखंड काळं. मालक म्हणाले, "पोरी, हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ती म्हणाली, "मला यातले चार थेंब तपासायला द्या."

द्रवाचार्य दयेने हसला. "बाळ, बाटली उघडली की संकल्प उडतो."

आणि मग आमच्या एक नंबरच्या लाइनवर प्रयोग झाला, काटा उतरला, टाळ्या झाल्या, ते मी सांगितलंच. त्याच संध्याकाळी मालकांनी पुतणीला बोलावून घेतलं. तीन आठवड्यांनी, सोमवारी, दोन नंबरची लाइन 'भारून' घ्यायची. मंगळवारी तिने खोली रिकामी करायची. खोली सरांना द्यायची आहे, आणि तिचं काम आता उरलेलं नाही.

ती घरी येऊन जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "काका, माझंच काहीतरी चुकत असेल का हो? त्याचा काटा खरंच उतरला." त्या पोरीला स्वतःच्या अकलेवर शंका आलेली मला बघवेना. डोकं असं तापलं माझं!

दुसऱ्या दिवसापासून मी त्या माणसाच्या मागे लागलो. पहिला संशय काट्यावर. यानेच बदलला असणार! मी माझ्या पेटीतला तपासलेला काटा आणून सगळ्यांदेखत बसवला. एकतीस. लोक फिदीफिदी हसले. दुसरा संशय बर्फावर. टाकीत बर्फ टाकला असणार! झाकण उघडून बाही वर करून खांद्यापर्यंत हात घातला. बर्फ नाही. हात मात्र काळा झाला आणि आठवडाभर मी अर्धा माणूस, अर्धा डांबर असा हिंडत होतो.

"फिटरभाऊ," मावशी म्हणाल्या, "अहो, चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला? मी तर हे पाणी गुडघ्याला लावतेय. पंपातून ठिबकतं ना, ते बाटलीत धरून ठेवलंय. आराम आहे."

"गुडघ्याला? मावशी, तुमचा गुडघा काय मशीन आहे?"

"काटा उतरतो, तर कळ उतरणार नाही?"

निम्मा कारखाना बाटल्या घेऊन पंपाखाली रांग लावत होता. एकजण सासऱ्याच्या डोळ्यांत घालायला निघाला होता, त्याच्या हातातून बाटली हिसकून घेतली मी.

खरं सांगायचं तर, या सगळ्या धावपळीत एका गोष्टीकडे मी मुद्दाम बघत नव्हतो. काटा खरा, बर्फ नाही, मग अकरा अंश गेले कुठे? मला ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चमत्काराच्या आदल्या दिवशी द्रवाचार्याने 'शुद्धी' केली होती. लाइन पूर्ण दिवस बंद. पंपघराचं दार लावून त्याचे दोन चेले आत. बरोबर 'शुद्धिजला'चे आठ कॅन. दाराच्या फटीतून आंबट, नाकात चढणारा वास येत होता. सत्तावीस वर्षं फिटरकी केलेल्याला तो वास ओळखता येत नाही असं होईल का? ते क्षार काढायचं आम्ल होतं. चेल्यांनी दिवसभर कूलर धुतला होता, बाकी काही नाही.

मग मी बोललो का नाही? इथेच तर माझं घोडं पेंड खात होतं.

कूलरशेजारी एक कार्ड लटकवलेलं असतं. दर महिन्याला प्लेटा उघडून साफ केल्या की फिटरने त्यावर सही करायची. आमच्या दोन्ही लाइनींच्या कार्डांवर गेल्या चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस सह्या आहेत. सुरेख, एका ओळीत. सगळ्या माझ्या. आणि सगळ्या खोट्या.

सफाईला लाइन एक दिवस बंद लागते. पहिल्या वेळी मी मालकांकडे दिवस मागितला, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू, तू सही करून टाक." केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. चार-सहा महिन्यांनी मी मागायचंच सोडलं. महिन्याची पहिली तारीख आली की पेन काढायचं आणि सही ठोकायची. प्लेटांवर क्षार चढत राहिले, पाणी तापत राहिलं, झाकणं वाकडी होत राहिली. आणि माझ्याच पुतणीला त्यावर औषध शोधायला बसवलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मालकांनी मला न दिलेला तो एक दिवस या भामट्याला मात्र मागताक्षणी दिला.

त्या माणसाला हे ठाऊक होतं. पहिल्या भेटीतच त्याने कार्ड मागवून घेतलं होतं. ते निरखून माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुमचं कार्ड फार सुंदर आहे, फिटरसाहेब. चार वर्षांत एकही सही चुकलेली नाही." खऱ्या कामाचं कार्ड कधी इतकं सुंदर नसतं. त्यावर तेलाचे डाग असतात, आजारपणाच्या सुट्टीत एखादी सही राहते. असली सुंदर कार्डं जिथे लटकतात, असे कारखानेच तो शोधत फिरत असणार.

सोमवारला चार दिवस राहिले तेव्हा पुतणी मावशींचा गुडघा बघून आली. "काका, चार दिवस साबणाने घासूनही डाग जात नाही. पत्री असती तर धुऊन गेली असती. हा रंग आहे." मावशींकडून तिने बाटलीतलं थोडं पाणी मागून आणलं आणि टिपकागदावर एक थेंब सोडला. शेजारी स्वतःच्या मिश्रणाचा एक. तिचा थेंब मध्ये काळा ठिपका ठेवून थांबला, भोवती नुसतं ओलं वर्तुळ. द्रवाचार्याचा थेंब पसरत गेला आणि त्याच्या कडेला निळं, जांभळं, तांबूस अशी कडी उमटली.

"शाई!" मी ओरडलो.

"शाईच. रंग पाण्यात विरघळतो, चहातल्या साखरेसारखा. विरघळलेली साखर कधी तळाला बसते का? म्हणून त्याची बाटली दोन वर्षं तशीच. पत्री विरघळत नाही, काका, ती नुसती तरंगते. म्हणून ती बसते."

कागद घेऊन ती तडक मालकांकडे गेली. मी दाराबाहेर उभा होतो. मालकांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "असेल शाई. मला काय करायचंय? काटा अकरा अंश उतरला ना? शाईने उतरत असेल तर शाई घेऊ!"

"शाईने नाही, आधीच्या धुण्याने उतरला असेल. दोन नंबरची लाइन नुसती धुऊन साधं पाणी भरून बघू या ना!"

"धुऊन? अगं, तुझ्या काकाच्या दर महिन्याला सह्या आहेत. धुतलेलंच धुतल्याने अकरा अंश उतरतील?"

तिच्या तर्काला अडवणारी भिंत तिच्या काकाने उभी केली होती आणि तो काका दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

सोमवार उजाडला. पंपघरात या वेळी शंभरावर माणसं. शेजारच्या कारखान्यांतलेही आले होते. चेल्यांनी कॅन आणून ठेवले; आज शुद्धी, उद्या द्रव. द्रवाचार्याने हात वर केला.

"काही अविश्वासी लोक म्हणतात, सर नुसतं धुतात! म्हणून मी आधी कार्ड वाचायला लावतो. मालक, वाचा. यंत्र स्वच्छ होतं की नव्हतं?"

मालकांनी घसा खाकरला आणि कार्ड वाचायला लागले. "जानेवारी, सफाई पूर्ण. फेब्रुवारी, सफाई पूर्ण. मार्च…" लोक माना डोलवत होते. पुतणी कोपऱ्यात उभी होती. हातात तिची ती गाळ बसलेली बाटली, खोलीतून आवरून आणलेली. एकेक महिना वाचला जात होता आणि माझे कान तापत होते.

"थांबा," मी म्हणालो. पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडलो, "थांबा! त्या सह्या खोट्या आहेत."

मालकांचं वाचन तिथेच अडकलं.

"चार वर्षांत मी हा कूलर एकदाही उघडलेला नाही. हाही नाही, तोही नाही. सह्या केल्या, काम केलं नाही."

पुतणीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

द्रवाचार्य मात्र मुरलेला. तो मंद हसला. "बघा, माया कशी आंधळी असते! पुतणीची खोली वाचवायला बिचारा स्वतःवर आळ घेतोय."

आणि लोकांना ते पटलं! मालकही मवाळ आवाजात म्हणाले, "फिटर, समजू शकतो मी. पण असं खोटं बोलून…" घ्या! सत्तावीस वर्षांत एकदा खरं बोललो, तर ते खोटं ठरलं. माझी सटकली.

मी पंप बंद केला, झडपा आवळल्या आणि पाना घेऊन कूलरच्या बोल्टांना भिडलो. "उघडू नका! ऊर्जा निसटेल!" चेला धावला. "निसटू दे," मावशी त्याच्या आडव्या येऊन म्हणाल्या, "बघू तरी कशी दिसते."

बोल्ट इतके गंजलेले की दोन आडदांड माणसांना पान्यावर लोंबकळावं लागलं. ते बोल्ट बघूनच निम्म्या लोकांना कळलं. दर महिन्याला उघडणारा बोल्ट असा असतो होय? प्लेट बाहेर ओढली. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरट, खरखरीत थर. पाणी जायला जागा अशी नव्हतीच.

"ही घ्या माझी सफाई पूर्ण!" असं म्हणून मी ती मालकांच्या पायाशी ठेवली.

पुतणी पुढे झाली. तिने 'शुद्धिजला'च्या कॅनचं झाकण काढून त्यातलं थोडं त्या थरावर ओतलं. थर फसफसला, फेस आला, आंबट वास सुटला आणि खालचा धातू लखलखायला लागला.

"याला मंत्र लागला नाही," ती म्हणाली. "चमत्कार आदल्या दिवशीच होतो, दार लावून. दुसऱ्या दिवशी नुसती शाई ओततात. आता हा कूलर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धुवू आणि साधं नळाचं पाणी भरू. मशीनं तेवढीच, वेगही तोच. काटा काय म्हणतो ते बघू."

"अविश्वासाच्या जागी मी थांबत नाही," द्रवाचार्य म्हणाला. आम्ही प्लेटा धुवायला लागलो तेव्हा तो होता. धुऊन झाल्या तेव्हा नव्हता. चेले कॅन तिथेच टाकून पळाले, ते आमच्या पथ्यावरच पडलं.

दुपारी चारला लाइन सुरू झाली. आत नळाचं साधं पाणी. काटा वर चढायला लागला. पंचवीस, अठ्ठावीस, तीस. एकतीसवर येऊन थांबला, बेचाळीसकडे फिरकलाच नाही. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी फक्त आपल्या काळ्या गुडघ्याकडे बघितलं आणि त्या हसत सुटल्या, मग सगळेच हसले.

पुढच्या आठवड्यात पुतणीने आपलं मिश्रण त्याच लाइनीत घातलं. तीनदा घातलं, तीनदा काढून साधं पाणी भरलं, दर वेळी आकडे लिहिले. काटा आणखी अर्ध्या अंशाने उतरतो. अर्धा! मालक म्हणाले, "एवढाच?" ती म्हणाली, "एवढाच. पण हा माझा आहे." खोली तिच्याकडेच राहिली.

मला मालकांनी खालच्या हुद्द्यावर टाकलं. मी तक्रार केली नाही. "सही करून टाक" हे शब्द कुणाचे होते तेही मी त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं आणि आता दर महिन्याचा बंद दिवस भिंतीवर लिहिलेला असतो. पण पुतणी माझ्याशी बारा दिवस बोलली नाही. तेराव्या दिवशी तिने एकच विचारलं, "मी घरी येऊन रडत होते, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. याला दुसरं उत्तर नव्हतं.

म्हणून आता जो भेटेल त्याला सांगतो. भोंदू माणूस आपल्याकडे रिकाम्या हाताने येतो. त्याला लागणारं सामान आपणच त्याच्या हाती देतो: आपली न केलेली कामं, झाकलेल्या चुका, लाजेने गिळलेले शब्द. काटा उतरला, दुखणं थांबलं, नवस फळला असं कुणी सांगितलं तर त्याच्या पाया पडायच्या आधी शांतपणे विचारा: आदल्या दिवशी काय केलं होतं? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली का? आणि याचं उत्तर तुम्हाला स्वतःलाच माहीत असेल, तर माझ्यासारखे तीन आठवडे दाराबाहेर उभे राहू नका. आत जा आणि बोला.